मॅनेजरीणबाईंचा विसराळूपणा

मॅनेजरीणबाई आजवर हॉटेलांत, दवाखान्यांत आणि दुकानांत किती छत्र्या, रुमाल आणि चष्मे विसरून आल्या याला गणती नव्हती, आणि त्यातली एकही वस्तू त्या चुकून विसरल्या नव्हत्या.

मॅनेजर त्या नव्हेत, त्यांचे यजमान. बँकेच्या एका शाखेचे मॅनेजर म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं लोटली, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. खुर्ची गेली, खुर्चीतला आवाज राहिला. हॉटेलात शिरले की साहेब दोन बोटांनी चुटकी वाजवत आणि वेटरला 'ए' म्हणून बोलावत. पाणी लगेच आलं तर 'मी मागितलं होतं का?' आणि उशिरा आलं तर 'पाणीसुद्धा मागावं लागतं का?' कॉफी एकदा तरी परत पाठवल्याशिवाय त्यांना ती गोड लागत नसे. टीपचं तर नाव काढायची सोय नव्हती. माणसाला पगार मिळतो, वर हातावर काही ठेवलं की तो बिघडतो, माणसं जिंकायची ती रुबाबानं, हे तत्त्वज्ञान त्यांनी कुणालाही ऐकवायचं बाकी ठेवलं नव्हतं.

आता अशा माणसाला खरं तर मोरीजवळचं डुगडुगणारं टेबल आणि गार कॉफी मिळायला हवी. पण झालं होतं उलटंच. साहेब दारात दिसले की खिडकीजवळचं टेबल पुसलं जाई. कॉफी वाफाळती येई आणि परत पाठवली तर दुसरी हसतमुखानं येई. चष्म्याच्या दुकानातला माणूस त्यांना बसायला आतली खुर्ची आणून देई. साहेब बाईंकडे वळून म्हणत, "बघितलंस? एक पैसा न देता. माणसाला वजन असावं लागतं." बाई मान डोलावत आणि पर्समधली घडी घातलेली नोट हळूच मुठीत घेत.

याची सुरुवात लग्नाच्या नव्या नवलाईत झाली. चमचा ओला होता एवढ्यावरून साहेबांनी एका कोवळ्या वेटरला साऱ्या हॉटेलादेखत फैलावर घेतलं. त्याचे कान लालभडक झालेले बघून बाईंना पुढचा घास जाईना. रस्त्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, अगंबाई, रुमाल आतच राहिला. एकट्याच परत गेल्या, त्याच्या हातात नोट कोंबली, मनावर घेऊ नकोस म्हणून सांगितलं आणि बाहेर आल्या. त्यांना इतकं हलकं वाटलं की पुढच्या खेपेला त्या छत्री सोडून आल्या. घरखर्चातून चार पैसे बाजूला टाकायची हातोटी त्यांना होतीच, त्या पैशांना आता काम मिळालं.

वर्षानुवर्षं हे असं चाललं. वाचनालयाच्या समोरच्या हॉटेलात तर त्याची रीतच बसून गेली होती. तिथला थोरला वेटर बाईंनी टेबलाच्या पायाला टेकवलेली छत्री बघे आणि ती कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून पायानं आत सरकवे. एकदा एका नव्या वेटरनं प्रामाणिकपणे छत्री उचलून धावत धावत रस्त्यापर्यंत आणून दिली. बाईंची फारच पंचाईत झाली. मग त्यांना चष्मा राहिल्याचं आठवावं लागलं, तो नाकावर होता, म्हणून मग रुमाल. आणि त्या नव्या वेटरला आत गेल्यावर थोरल्याकडून प्रामाणिकपणाबद्दल बोलणी बसली.

सगळं सुरळीत होतं, तोवर लेक महिनाभराच्या रजेवर आला.

लेक परगावी एका कारखान्यात यंत्रं तपासायच्या कामावर होता. बिघाड दिसला की मूळ शोधायचं आणि वेळेत दुरुस्त करायचं, ही त्याची शिस्त. पहिल्याच आठवड्यात आई त्याच्यासमोर छत्री विसरली, मग पिशवी, मग पुन्हा छत्री. त्यानं बाबांना बाजूला घेऊन विचारलं. साहेब म्हणाले, तिचं आधीपासूनच असं आहे, पण हल्ली फार वाढलंय. ते काही खोटं नव्हतं. निवृत्तीनंतर साहेब बाहेर जास्त जाऊ लागले होते, ओरडतही जास्त होते, त्या मानानं बाईंचं विसरणंही वाढलं होतं.

लेकानं तिला स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाच वस्तूंची नावं सांगून नंतर विचारली. बाईंनी पाचही सांगितली, वर तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हेही सांगितलं. लेकाचा जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यात बाहेर साहेबांनी तिथल्या मदतनीस बाईला बसल्या जागेवरून झापल्याचं बाईंच्या कानावर आलं. आता बिचाऱ्यांनी करावं काय? नोट मुठीत आली आणि पर्स डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर राहिली. परत येऊन त्यांनी ती उचलली तेव्हा डॉक्टर आणि लेक एकमेकांकडे बघत होते. डॉक्टर म्हणाले, चाचणी उत्तम आहे, पण जरा लक्ष ठेवा.

लक्ष ठेवणं म्हणजे काय ते बाईंना घरी गेल्यावर कळलं. कपाटाच्या आणि दाराच्या किल्ल्या लेकानं आपल्या खिशात घातल्या. गॅस पेटवताना तो मागे उभा राहू लागला. नाव आणि फोन नंबर लिहिलेलं एक कार्ड त्यानं फितीत ओवून आईच्या गळ्यात घातलं. सकाळी बाई कोपऱ्यावर दूध आणायला निघाल्या तर साहेब चपला घालून सोबत आले, तेही कधी नव्हे इतक्या मायेनं. आणि एका संध्याकाळी लेकानं ठरलेलं सांगितलं. रजा संपली की घराला कुलूप लावायचं, दोघांनी त्याच्याकडे यायचं, आईसाठी दिवसभर एक बाई ठेवायची.

बाई घाबरल्या. लेकाचं घर वाईट नव्हतं, सून गुणाची होती. पण हे घर त्यांनी उभं केलं होतं, इथल्या बरण्यांची झाकणंसुद्धा त्यांना अंधारात ओळखू येत होती. तिथे त्या पाहुण्या झाल्या असत्या, आणि पाहुणीच्या मागे राखण. खरं सांगून टाकावं तर लेकाच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, त्यानं ते बाबांना तासाभरात सांगितलं असतं. आणि साहेबांपाशी आता उरलं काय होतं? पेन्शन, गुडघेदुखी आणि तो रुबाब. तो बायकोनं विकत आणून दिलेला आहे हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

मग बाईंनी मनाशी ठरवलं की आता काहीही विसरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालयासमोरच्या हॉटेलात हात धुवायच्या निमित्तानं त्यांनी थोरल्या वेटरला बेसिनपाशी गाठलं. गळ्यातलं कार्ड दाखवलं, किल्ल्यांचं सांगितलं, आणि यापुढे आपली छत्री आपल्याबरोबर जाईल म्हणाल्या. वेटरनं कार्ड वाचलं आणि हसू दाबलं.

"बाई, मग साहेबांचं काय करायचं आम्ही?"

"इतरांचं करता तेच. जसे वागतील तसं वागवा."

वेटरनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. इतक्या वर्षांत अशी मोकळीक त्याला कुणी दिली नव्हती.

त्या दिवसापासून साहेबांचे ग्रह फिरले. खिडकीजवळचं टेबल 'राखून ठेवलेलं' निघालं आणि त्यांना स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशी बसवण्यात आलं, तिथे दर मिनिटाला पाठीवर दार बसे. चुटकी वाजवली तर कुणाला ऐकू जाईना. 'ए' म्हटलं तर वेटर मागच्या माणसाकडे बघत, जणू हाक त्याला आहे. कॉफी कोमट आली, परत पाठवली ती परतच गेली. साहेबांनी मालकाला बोलवा म्हटलं, मालकानं गल्ल्यावरूनच हात जोडले आणि पुन्हा नोटा मोजायला घेतल्या. चष्म्याच्या दुकानात तर त्यांना उभंच ठेवलं. बाई शांतपणे बसून होत्या. प्रत्येक ठिकाणाहून निघताना त्या छत्री, रुमाल, चष्मा, पर्स एकेक करून लेकाला दाखवत आणि लेक समाधानानं मान हलवी.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस बाईंना मजा वाटली. रात्री उशीत तोंड खुपसून त्या हसल्यासुद्धा. पण मग साहेब गप्प होत गेले. एकदा आरशासमोर उभे राहून कोट नीट करताना त्यांनी विचारलं, मी फार म्हातारा दिसायला लागलोय का गं? बाईंनी कॉलर सरळ करून दिली आणि मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या.

लेकाची रजा संपत आली. जाण्याच्या आदल्या दुपारी तिघं पुन्हा त्याच हॉटेलात गेले. आज आई काही विसरली नाही तर घराचा विचार बदलू, असं त्यानं येतानाच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे बाईंचं सगळं लक्ष छत्रीवर होतं. झुलत्या दारापाशी बसून बराच वेळ झाला. साहेबांनी चुटकी वाजवली नाही. त्यांनी हात उचलला, मग खाली ठेवला. थोरला वेटर शेजारून जात होता तेव्हा त्यांनी घसा खाकरला.

"दादा, तुम्हाला सवड झाली की तीन कॉफी द्याल का? फार गरम नसली तरी चालेल."

वेटर जागच्या जागी थांबला. त्यानं बाईंकडे बघितलं, बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग तो म्हणाला, गार कशाला साहेब, आणि दार ढकलून आत गेला. थोड्या वेळानं तीन कप आले, तिन्हींतून वाफ निघत होती. सोबत न मागितलेली बिस्किटं होती. साहेबांनी एक घोट घेतला आणि कप पुढे सरकवला नाही. "छान झालीय," ते म्हणाले, तेही वेटरकडे बघून.

बाईंचा घोट मात्र तोंडातच राहिला. हा माणूस हे म्हणू शकत होता. इतकी वर्षं म्हणाला नाही, कारण म्हणायची वेळच त्यांनी कधी येऊ दिली नाही. प्रत्येक 'ए'चं आणि प्रत्येक चुटकीचं भाडं त्या मागच्या मागे भरत आल्या आणि त्याला ते आपलं वजन वाटत राहिलं. वेटरांचं त्यांनी भलं केलं असेल, नवऱ्याचं वाटोळं केलं. बाईंना लाज वाटली, आणि समोर बिस्किट बुडवून खाणाऱ्या त्या म्हाताऱ्याबद्दल इतकं प्रेमही दाटून आलं की त्यांनी मान खाली घातली.

निघताना बाईंनी पर्स उघडली. नोट काढली, घडी न घालता सरळ टेबलावर, नवऱ्याच्या आणि मुलाच्या डोळ्यांदेखत ठेवली. साहेबांनी नोटेकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. डोक्यावर पंखा गरगरत होता. त्यांनी आपला रिकामा कप उचलून नोटेवर ठेवला, ती उडू नये म्हणून, आणि दाराकडे निघाले.

फुटपाथवर लेकानं आईला मागे थांबवलं. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या हातात दिला, गळ्यातलं कार्डही काढून घेतलं. म्हणाला, तू ठणठणीत आहेस, उगाच त्रास दिला. पण त्याचं तोंड उतरलेलंच होतं. पुढे साहेब एका पोरवयाच्या मुलीला वाट द्यायला बाजूला सरकून उभे होते.

"आई, बाबांचं लक्षण मला बरोबर दिसत नाही. ते वेटरला 'दादा' म्हणाले. मी उद्याची गाडी रद्द करतो, डॉक्टरांना दाखवून घेऊ."

बाईंनी किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि पर्सची चेन लावली.

"औषधबिवषध काही देऊ नकोस त्यांना," त्या म्हणाल्या. "हे दुखणं त्यांना केव्हाच व्हायचं, मीच आजवर होऊ दिलं नाही. आता झालंय, तर राहू दे."