शेरीऐवजी

हॉटेलच्या स्वयंपाकघरात सगळे त्यांना वस्ताद म्हणत, आणि निवृत्त झाल्यावरही ते स्वतःला वस्तादच समजत. मशरूमचं सूप ही त्यांची खासियत. त्याचं मर्म होतं गॅस बंद केल्यावर, अगदी शेवटी घातलेली शेरी नावाची वाइन.

त्या रविवारी मुलगी आणि जावई जेवायला यायचे होते. जावयाने दारू सोडल्याला वर्ष होत आलं होतं. त्या दारूपायी मुलीचा संसार मोडता मोडता वाचला होता, म्हणून तिने आदल्या दिवशीच फोन केला.

"बाबा, सूप करणार असाल तर शेरी नको. थेंबभरसुद्धा नको."

"मग घालू काय, पाणी?"

"सफरचंदाचा रस आटवून घाला, वर थोडं व्हिनेगर. मी घरी तसंच करते."

"बरं बाई."

आणि त्यांनी तसंच केलं. रस आटवला, व्हिनेगर टाकलं, चव घेतली. आंबटगोड लागलं. वाईट नव्हतं, पण सगळं वरवरचं. हॉटेलात असलं सूप कुणी पुढे आणलं असतं, तर त्यांनी ते मोरीत ओतायला लावलं असतं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. 'एवढ्याशाने काय होतंय,' असं मनाशी म्हणत वस्तादांनी कपाटातून बाटली काढली आणि शेरी ओतली. पुन्हा उकळी आणली असती, तर दारू थोडीफार तरी उडाली असती. पण मग वासही गेला असता. त्यांनी गॅस पेटवला नाही.

जावयाने पहिला चमचा तोंडात घातला आणि तो थांबला.

"बाबा, यात काय घातलंय?"

"सफरचंदाचा रस," वस्ताद म्हणाले. "हिने सांगितला तसा."

जावयाने बायकोकडे पाहिलं. तिने लहानपणापासून हे सूप असंच प्यायलं होतं. तिच्या जिभेला काही वेगळं लागलं नव्हतं.

"मग मलाच भास झाला असेल," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. वाटी बाजूला सारून तो हात धुवायला उठला, आणि आतला नळ बराच वेळ वाहत राहिला.

पुढच्या आठवड्यात मुलीचा फोन आला. "ते चहासुद्धा हुंगून पितात, बाबा. म्हणतात, आज जीभ फसवते, उद्या हात फसवतील. पुन्हा त्या दारू सोडवायच्या दवाखान्यात भरती व्हायचं म्हणतायत."

खरं काय ते वस्तादांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते म्हणाले, "मनाचे खेळ असतात. होईल नीट."

पण त्यांना घास गोड लागेना. शेवटी ते उठून मुलीकडे गेले. जावई पलंगावर बसून बॅग भरत होता.

"जावईबापू, शेरी होती," ते दारातूनच म्हणाले. "मी घातली होती."

जावयाने हातातला शर्ट खाली ठेवला. मग हसला. "म्हणजे माझी जीभ बरोबर होती."

"बरोबर होती. आता कशाला जाताय?"

"जायला हवं, बाबा. त्या एका चमच्यानंतर दुसऱ्यासाठी जीव किती कासावीस झालाय, ते हिला विचारा." आणि तो पुन्हा शर्टांच्या घड्या करू लागला.

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. "सूप बिघडेल म्हणून घातलीत," ती म्हणाली, "आणि नाव बिघडेल म्हणून इतके दिवस गप्प बसलात."

बॅग भरून झाल्यावर ती उचलायला वस्ताद पुढे झाले, तेव्हा मुलीने त्यांच्या हातातून ती काढून घेतली.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही जा घरी."