रूपीबाईची उसनी जागा

चिंचपाड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर रूपीबाईचं एका कमलीबाईशिवाय कुणाशी वाकडं नव्हतं. आणि तेही जागेवरून. चर्चमध्ये खिडकीपाशी, जिथे वारा लागतो, ती चटई रूपीबाईची. पण कमलीबाई तीस वर्षं दर रविवारी दहा मिनिटं आधी येऊन तिथे फतकल मारायची आणि वर हसायची.

दुसरी जागा मात्र रूपीबाईने जिवापाड जपली होती. दफनभूमीत, नवरा दानियलच्या कबरीशेजारची, स्वतःसाठी राखलेली. अकरा वर्षं तिथलं तण काढलं, उशापायथ्याला दोन दगड रोवले, कुणाची शेळीसुद्धा फिरकू दिली नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, कमलीबाई गेली. दुपारी कबर खोदणारा चिंधा घामाघूम होऊन रूपीबाईच्या ओट्यावर टेकला.

"मावशी, तीन जागा खंद्यात. खाले खडक शे. मऊ माटी फक्त तुन्ही जागावर शे."

रूपीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "जित्ती व्हती तव्हय एक जागा लिधी, आते मरीसन दुसरी बी?"

चिंधाने नुसते हात पुढे केले. त्याच्या तळहातांवर फोड आले होते, ऊन उतरत होतं आणि तिकडे मयत तसंच होतं. रूपीबाईला रडू कोसळलं. त्या जागेच्या भरवशावर ती अकरा वर्षं निवांत झोपत आली होती.

मग तिला कालचं, गुड फ्रायडेचं चर्चमधलं वाचन आठवलं. अरिमथाईच्या योसेफाने स्वतःसाठी खोदलेली नवी कबर येशूला दिली. साठ वर्षं ती हे ऐकत होती, पण त्या भल्या माणसाने घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल, हा प्रश्न तिला आजच पडला. आणि तिसऱ्या दिवशी येशू उठला, जागा मोकळी झालीच की!

तिने पदराने डोळे पुसले. "खंद. पन मन्हा दगड काढू नको."

रविवारी पहाटे सगळा पाडा मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जमला. "प्रभू उठला आहे!" चर्चच्या पाळकांनी हाक दिली. "खरोखर उठला आहे!" सगळ्यांत मोठा आवाज रूपीबाईचा. तिचं मन कसं हलकं झालं होतं.

एक मेणबत्ती तिने दानियलच्या क्रुसापाशी लावली, दुसरी शेजारच्या ताज्या मातीवर. मग गुडघे धरून खाली वाकली.

"कमले, जागा उसनी दिधी शे, ध्यानमा ठेव. सगळा मरेल उठतीन त्या दिन बी चर्चमा येस तशीच दहा मिनिट आधी ऊठजो, नि मन्ही जागा मोकळी करजो."