लाल बाटलीतलं मीठ-पाणी

मी एक बाटली बोलतेय. लाल अंगाची, सोनेरी अक्षरांची. तुम्ही मला टीव्हीवर पाहिलंही असेल. माझ्या अंगावर जे छापलं होतं, ते माझ्या पोटात एक दिवसही नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलताना चाचरायला होणार नाही.

कारखान्यात माझ्यासारख्या शेकडो जणी एकाच साच्यातून निघाल्या. कुणी व्यायामशाळेत गेली, कुणी कुणाच्या दप्तरात. मला मात्र एका पेयाच्या कंपनीने उचललं. ताकदीचं पेय म्हणून लाल डब्यात विकतात ना, त्यातली एक. तिचं नाव माझ्या अंगावर चढलं आणि मी शर्यतीची गाडी चालवणाऱ्या एका बाईंच्या हातात आले. आपलं नशीब फळफळलं, असंच मला वाटलं.

मला भरायचं काम काकांचं. काका म्हणजे संघातले म्हातारे व्यायामशिक्षक. बाईंचं खाणंपिणं, झोप, मानेचे व्यायाम, सगळं त्यांच्याकडे. साधं पाणी, चिमूटभर मीठ, थोडी साखर, अर्धं लिंबू. ढवळून स्वतः चाखायचे, तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, "चव गेली खड्ड्यात. पोटात टिकलं पाहिजे."

गाडीत नुसती भट्टी असते. सीटमागे पाण्याची पिशवी, तिची नळी हेल्मेटमधून थेट तोंडापर्यंत. बटण दाबलं की घोट मिळतो. पण थोड्याच फेऱ्यांत ते पाणी चहासारखं कढत होतं आणि तरी प्यावंच लागतं. शर्यत संपून बाई काट्यावर उभ्या राहिल्या की वजन दोन-अडीच किलोंनी उतरलेलं. सगळा घाम. जिंकल्या तर चौथऱ्यावर फेसाळ दारूची बाटली उडवायची असते. बाई ती इतरांच्या अंगावर उडवायच्या, स्वतः थेंबभरही घ्यायच्या नाहीत. खाली उतरल्या की मला दोन्ही हातांनी धरायच्या आणि तळ दिसेपर्यंत प्यायच्या. घरी सकाळी कपभर कोरा चहा, बस. लाल डबा त्यांच्या घरात नव्हताच.

कॅमेऱ्यासमोरचं मात्र कंपनीच्या माणसाने शिकवून ठेवलं होतं. मला टेबलावर ठेवायचं, अक्षरं समोर. कुणी विचारलं, "एवढी ताकद येते कुठून?" की मला उचलायचं, मोठा घोट घ्यायचा, हसायचं आणि म्हणायचं, "इथून."

शब्द म्हणाल तर खोटा नव्हता. पण ऐकणाऱ्याच्या मनात काय येणार, ते आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगू? दिव्यांच्या झगमगाटात मला ते आवडायचं.

बाईंच्या थोरल्या बहिणीला एक मुलगी होती, बारा वर्षांची. घरात सगळे तिला टिकली म्हणायचे. पळण्यात पटाईत. शाळेच्या शर्यतीच्या दिवशी तिने सकाळी काही खाल्लं नाही. मावशीसारखं जिंकायचं म्हणून एकामागून एक तीन लाल डबे रिचवले आणि पळायला उभी राहिली. दुसऱ्या फेरीत तिची छाती इतकी धडधडायला लागली की ती मैदानातच कोसळली.

फोन आला तेव्हा बाई सरावाला निघाल्या होत्या. तशाच दवाखान्यात धावल्या. सवयीने मी त्यांच्या हातातच राहिले.

टिकली पलंगावर होती, छातीला तारा लावलेल्या. डॉक्टर म्हणाले होते, ठोके चुकलेत, दोन दिवस नजरेखाली ठेवू. तिने आधी मला पाहिलं, मग मावशीला.

"मावशी, तू किती पितेस गं? मी तीन प्यायले. कमी पडले का?"

बाईंनी मला खिडकीत ठेवलं आणि माझी अक्षरं भिंतीकडे फिरवली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझं तोंड लपवलं. मला ते बरं वाटलं.

बाहेर बाकावर बहिणीने विचारलं, "तू खरंच पितेस ते?"

"नाही, ताई."

"मग त्या बाटलीत काय असतं?"

"पाणी. मीठ, साखर, लिंबू."

ताईने हातातला रुमाल उलगडला, पुन्हा त्याची घडी घातली. मग म्हणाली, "ते तर माझ्या घरातच होतं की."

तुम्हाला वाटेल, बाईंनी लगेच जगाला खरं सांगितलं असेल. नाही सांगितलं. तिसऱ्याच दिवशी पत्रकारांसमोर बसल्या. तोच प्रश्न आला. त्यांचा हात क्षणभर टेबलावर थांबला, आणि मग त्यांनी मला उचललं. "इथून," त्या म्हणाल्या. हसू आलं नाही, पण शब्द आला. माझ्या पोटातलं पाणी त्यांच्या घशाखाली गेलं, आणि मला वाटलं, मला आत्ताच तडा जावा.

टिकली घरी परतली होती. तिने ते टीव्हीवर पाहिलं. तिने टीव्ही बंद केला आणि पळायचे बूट कपाटावर टाकले, असं ताईने फोनवर सांगितलं. "रागावली नाहीये," ताई म्हणाली. "आता तुझ्याबद्दल काही बोलतच नाही."

पुढच्या शर्यतीनंतर बाई पत्रकारांसमोर बसल्या तेव्हा त्यांनी काचेचा रिकामा पेला सोबत आणला होता. कुणी विचारायच्या आत माझं झाकण उघडून सगळं पेल्यात ओतलं. गढूळसर, त्यात लिंबाची एक बी.

"मी हे पिते," बाई म्हणाल्या. "मीठ-साखरेचं पाणी. बाटलीवर लिहिलंय ते मी कधीच प्यायले नाही. माझी भाची माझं पाहून ते प्यायली आणि दवाखान्यात पोचली. त्यानंतरही मी इथे बसून पुन्हा तेच केलं. मला लाज वाटते."

कंपनीचा माणूस दाराशी उभा होता. तो तिथूनच निघून गेला. हंगाम संपला तसा संघानेही बाईंना निरोप दिला. काकांनी जाताना चिमटीभर मीठ कागदात बांधून दिलं. त्यावर दोघं हसले, आणि मग दोघांनाही हसवेना.

आता बाई नवशिक्यांना गाडी चालवायला शिकवतात. माझी अक्षरं त्यांनी नखांनी खरवडून काढली. नीट निघाली नाहीत. अंगभर पांढरे ओरखडे राहिलेत. मी दिसायला ओंगळ झालेय, त्याचं मला काही वाटत नाही.

सहा महिन्यांनी टिकलीने बूट खाली काढले. आता रविवारी ती मैदानावर येते. पळून दमली की मावशी मला पुढे करते. टिकली हात पुढे करण्याआधी विचारते, "यात काय आहे?"

दर रविवारी विचारते. मावशी दर वेळी सांगते, आधी स्वतः घोट घेते, मग मला तिच्या हातात देते.

तो प्रश्न ऐकला की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण तिने विचारायचं थांबवू नये. आणि माझ्यासारखी एखादी तुमच्या हातात आली, तर तुम्हीही विचारा.