पाटीची दुसरी बाजू

पाटी रंगवून आली त्या दिवशी चिमी दादाशी एक शब्द बोलली नाही. चांगली दोन हात लांब पाटी, निळ्यावर पांढरी अक्षरं: ‘जागा भाड्याने देणे आहे’. दादाने ती कारखान्याच्या दाराआड टेकवून ठेवली आणि महिना संपला की बाहेर लावणार असं जाहीर करून टाकलं. तीस वर्षं पडदे शिवणारा कारखाना, त्यांच्या वडिलांनी उभा केलेला, सहा कारागिरांची पोटं भरणारा! आणि आता तिथे म्हणे कुणीतरी खोकी रचून ठेवणार.

चिमी म्हणजे दादाची धाकटी बहीण. वय चाळीस, नाकावर चष्मा, कारखान्याचा सगळा हिशेब तिच्या हातात. पण दादाच्या तोंडी ती अजून चिमीच.

आता एकच आशा उरली होती. नव्या नाट्यगृहाला रंगमंचाचा मोठा पडदा हवा होता आणि मंगळवारी दुपारी चारच्या आत बंद पाकिटात दर द्यायचा होता. तिथल्या व्यवस्थापकबाईंनी काही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं की नऊ लाखांच्या वर त्यांच्याकडे छदामही नाही.

मंगळवारी सकाळी दादाने कागद पुढे सरकवला. खर्च तेरा लाख.

“तेरा?” चिमी किंचाळलीच. “मग पाकीट तरी कशाला वाया घालवतोस?”

“मखमलच नऊ लाखांची आहे. फुकट वाटू?”

ही मखमल म्हणजे दादाचं दुखणं. चार वर्षांपूर्वी एका बड्या गिऱ्हाइकाच्या शब्दावर विसंबून, वडिलांनी मागे ठेवलेले नऊ लाख घालून, त्याने गर्द लाल मखमल आणली. गिऱ्हाइकाचं दिवाळं वाजलं आणि मखमल गोदामात पडली. तेव्हापासून दादा गोदामाकडे फिरकला नव्हता. काही हवं असलं की मास्तरांना पाठवायचा. मास्तर म्हणजे इथले सगळ्यात जुने शिंपी, कमी बोलणारे आणि जास्त ऐकणारे.

चिमीने कागद ओढून घेतला. वर ‘खरेदी भाव’ असा मथळा होता. तो तिने खोडला आणि लिहिलं: ‘हे काम घेतलं तर आता काय जाईल?’

“चल गोदामात.”

“मी नाही येत.”

“दादा, चार वाजायला पाच तास आहेत. रुसायचं असेल तर संध्याकाळी रूस.”

तो आला. कुलूप उघडलं, दिवा लावला, आणि दादा जागच्या जागी थांबला. धूळ नाही, कसर नाही. मखमलीचे सगळे तागे आज आल्यासारखे झळकत होते.

“दर महिन्याला ब्रश फिरवतो,” मास्तर दारातून म्हणाले. “एवढं चांगलं कापड. बघवलं नाही.”

दादाने हात फिरवला आणि त्याचे डोळे भरून आले. “बाबांचे पैसे होते गं.”

“होते. आणि गेले,” चिमी हळू म्हणाली. “पडदा शिवला तरी ते गेलेले, नाही शिवला तरी गेलेले. मग आजच्या कागदावर त्यांचं काय काम? आज ही विकायला काढली तर काय येईल, सांग.”

“उशावाला साठ हजार म्हणाला होता. चोर लेकाचा!”

“चोर असो की साव, दुसरं गिऱ्हाईक आहे का? नाही ना? मग आपण पडदा शिवला तर ते साठ हजार हातचे जातील. तेवढेच लिहायचे.”

दादा नाक ओढून म्हणाला, “लिही साठ.”

चिमीला हायसं वाटलं. पण खरी गंमत पुढेच होती. अस्तराच्या कापडासमोर दादाने चाळीस हजार लिहिले होते. तिने तेही खोडून साठ केले.

“अगं बाई! नऊ लाखांचे साठ हजार करतेस आणि चाळीसचेही साठच? डोकं ठिकाणावर आहे ना?”

“अस्तर आपल्याला रोज लागतं. यात संपलं की पुन्हा आणावंच लागेल, आणि आज बाजारात त्याला साठ पडतात. कधीकाळी स्वस्तात मिळालं होतं हे दुकानदार ऐकून घेणार आहे का?”

मास्तर खुदकन हसले.

मग आली आगीपासून बचाव करणाऱ्या औषधाची पिंपं, तीही मखमलीबरोबरच आणलेली. “पन्नास हजार,” दादा घाईघाईने म्हणाला. चिमीने समोर तीस हजार लिहिले आणि त्याआधी वजाची आडवी रेघ ओढली.

“हे काय आता? औषध वापरायचं आणि वर पैसे मिळवायचे?”

“मुदत संपायला सात महिने आहेत. संपली की कचरा कंपनी तीस हजार घेतल्याशिवाय पिंपं उचलायची नाही. पडद्याला लावून टाकलं तर ते वाचतात.”

“च्यायला,” दादा म्हणाला.

दोर, कप्प्या, जादा शिलाई, पडदा चढवायची मजुरी हे नव्याने खर्चायचे तीन लाख दहा हजार. बेरीज झाली बरोबर चार लाख. आता दादा असा पेटला की त्याने पेन हिसकावलंच. “चारच लिहितो! कोण पुढे येतो बघू!”

“अरे थांब!” चिमीने त्याचा हात धरला. “चारच्या खाली गेलो तर खड्ड्यात, एवढंच हा आकडा सांगतो. बाईंकडे नऊ आहेत ना? साडेआठ लिही.”

पाकीट पोहोचलं तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती.

शुक्रवारी फोन आला. बाकी सगळे नऊच्या वर होते. मखमलीचा नमुना बघून बाई म्हणाल्या होत्या, असा लाल आता मिळत नाही. चिमीने फोन ठेवला आणि मास्तरांना चक्क मिठी मारली. मास्तर एवढे लाजले की त्यांच्या हातातली कात्री पडली.

सहा आठवडे यंत्रं धडधडत होती. पहिल्या प्रयोगाला सगळा कारखाना नटूनथटून गेला. घंटा झाली, दिवे मंदावले, आणि तो लालजर्द पडदा एकही सुरकुती न पाडता संथपणे वर गेला. नट बाहेर यायच्या आधीच लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“अगं, गेला बघ वर!” दादा भर नाट्यगृहात ओरडला. मागून कुणीतरी शूऽऽ केलं. दादाला त्याची काडीइतकी पर्वा नव्हती. नाटक कशाबद्दल होतं हे त्याला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी चिमी कारखान्याशी पोहोचली आणि रस्त्यातच थांबली. तीच निळी पाटी दारावर लागली होती. ती तरातरा पुढे गेली, चष्मा सावरला आणि वाचलं: ‘येथे सर्व प्रकारचे पडदे शिवून मिळतील’.

शिडीवरून दादा खाली उतरला. हातांना निळा-पांढरा रंग, चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचा थाट.

“मागची बाजू रंगवली. पाटीचे पैसे तर गेलेच होते,” तो म्हणाला. “आणि फळीचे भंगारवाला काहीच देत नव्हता. आधी विचारून आलो.”