वेरीनची भट्टी

वेरीन सकाळी गेला आणि दुपारपर्यंत त्याच्या बायकोने, आल्डबुर्गने, काय रडायचं ते रडून घेतलं. पुढे सवड नव्हती. मढं जाळायचं होतं, आणि मढं जाळणाऱ्याला मरणाची शिक्षा होती.

फ्रांकांच्या राजाने वेझर नदीकाठचा सॅक्सन मुलूख जिंकल्याला सात वर्षं झाली होती. त्याने लोकांना नवा देव दिला आणि देवाबरोबर कायदे दिले. बाप्तिस्मा चुकवला, मरण. मोठ्या उपासात मांस खाल्लं, मरण. मढं पुरायच्या ऐवजी जाळलं, मरण. एवढ्या दयाळू देवाला एवढी मरणं कशाला लागतात, हे विचारायचीही सोय नव्हती. एक फट तेवढी ठेवली होती. गुन्हा उघडकीला यायच्या आत जो आपल्या पायांनी पाद्र्याकडे जाऊन कबूल करील, त्याचा जीव वाचायचा.

वेरीननेही बाप्तिस्मा घेतला होता. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, वोडन देवाला सोडलं, थुनार देवाला सोडलं, असं बोलला होता, कारण काठावर भालेवाले उभे होते. पण अंथरुणाला खिळल्यावर त्याचा रोज एकच धोशा होता. "मला मातीत घालू नकोस गं. माझा बाप धुरातून वर गेला, आजा गेला. मी एकटाच खाली किड्यांत पडून राहू होय?" आल्डबुर्गने त्याच्या हातात हात देऊन शब्द दिला होता. घरात तिसरं कुणी नव्हतं, शब्द मोडला असता तरी कुणाला कळलं नसतं. पण तिचा जीव होता त्याच्यावर.

तोड सुचली ती तिच्या दिराला. टियाडो रानात कोळसे पाडायचा. त्याच्या भट्टीचा धूर बारा महिने दिसायचा, त्यामुळे फ्रांकांच्या ठाण्यातल्या शिपायांनी तिकडे बघायचंही सोडून दिलं होतं.

"भट्टीत मधोमध ठेवू दादाला," टियाडो म्हणाला. "लोकांना सांगू, भ्रमात रात्री उठून गेला, दलदलीत पाय घसरला."

"पण भावोजी, तुमची भट्टी जाळते कुठे? ती नुसती कोंडते. म्हणून तर राख न होता कोळसा होतो ना?"

"आता तुम्ही मला भट्टी शिकवा, वहिनी! वरचं तोंड उघडं ठेवतो. वारा मिळाला की आत नुसता भडका."

"शपथ घ्या."

"कुणाची घेऊ? जुन्या देवाची घेतली तर मान जाते, नव्याची घेतली तर तुम्हाला पटत नाही."

एवढ्या दुःखातही तिला हसू आलं. माणूस हसवतो म्हणून आपण त्याच्यावर विश्वास टाकतो, हा मूर्खपणा तिनेही केला.

दोघांनी ओकाचे ओंडके वेरीनभोवती उभे रचले, वर पालापाचोळा, त्यावर ओली माती थापली. टियाडोने आत विस्तव टाकला. पांढरा जाड धूर सरळ वर निघाला. आल्डबुर्गने वेरीनच्या बापाचं नाव घेऊन सांगितलं, "तुमचा मुलगा येतोय, घ्या त्याला." मग ती घरी येऊन जेवली. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिला भूक लागली होती.

रविवारी देवळात दुभाष्याने कायदे पुन्हा वाचून दाखवले. मढं जाळण्याचं कलम आलं तशी टियाडोची पाचावर धारण बसली. सोमवारी दुपारी आल्डबुर्ग भट्टीपाशी आली होती, तिथे तो आला तो पाद्री इबोला घेऊनच. इबो फ्रांक होता, पण वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान त्याचा राग तरी करता आला असता.

"बाई, याने सगळं सांगितलं. हा सुटला," पाद्री मोडक्यातोडक्या सॅक्सनमध्ये म्हणाला. "ठाणेदाराला अजून पत्ता नाही. तूही बोल. तुझ्या तोंडून यायला पाहिजे."

आल्डबुर्ग दिराकडे वळली. "एकटेच गेलात, भावोजी? निघताना एक हाक तरी मारायची."

"तुम्ही आला नसता, वहिनी."

ते खरं होतं. पण आता पाद्री समोर उभा होता आणि तिला जगायचं होतं. चौतिशीच्या बाईला जगावंसं वाटलं तर त्यात लाज कसली? तिला मात्र लाज वाटली. "मी नवऱ्याला जाळलं," ती म्हणाली. "पाप केलं. पस्तावले."

पाद्र्याला भरून आलं. त्याने प्रायश्चित्त सांगितलं. हाडं काढायची आणि त्याच्यादेखत देवळाच्या आवारात पुरायची.

"आजच कशाला, बाबा?" टियाडो घाईघाईने म्हणाला. "भट्टी गरम आहे अजून. चार दिवस जाऊ द्या."

"आजच."

टियाडो फावडं आणि पाण्याची बादली घेऊन वर चढला. त्याच्या मागोमाग आल्डबुर्गही चढली आणि थांबली. भट्टीचं तोंड चिखलाने बुजवलेलं होतं. वाळल्या चिखलात दिराच्या पंज्याचे ठसे होते.

"हे कधी बुजवलंत?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही घरी गेल्यावर." टियाडो मान वर करीना. "ज्वाळा ठाण्यावरून दिसली असती, वहिनी. दोघांच्याही माना गेल्या असत्या."

माती ढासळली, ओंडके बाजूला पडले. आत वेरीन होता. काळा पडलेला, आक्रसलेला, पण सगळाच्या सगळा. ज्या धुराला तिने निरोप दिला होता, तो नुसता लाकडांचा धूर होता.

एवढ्यात आत वारा शिरला. निखारे लाल झाले आणि वेरीनच्या छातीपाशी भपकन ज्वाळा उठली.

"पाणी!" टियाडो ओरडला. "वहिनी, पाणी!"

भरलेली बादली तिच्या पायाशी होती. ती तिने उचलली. खालून पाद्री बघत होता. तिने काहीच करायला नको होतं, नुसतं उभं राहिलं तरी पुरे होतं. दिलेला शब्द समोर आपोआप पुरा होत होता. पण कबुलीनंतर नवरा पुन्हा डोळ्यांदेखत जळू दिला, तर या खेपेला माफी नव्हती.

तिने बादली रिकामी केली.

चर्र झालं, वाफ उसळली, विस्तव विझला. पाद्री धडपडत वर आला. त्याने आत वाकून पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला.

"देवाची कृपा! जळलाच नाही हा! बाई, तुझ्या हातून पाप घडलंच नाही."

"घडलं, बाबा," आल्डबुर्ग म्हणाली. "आत्ताच घडलं."