रुंद आयसी

एमजी रोडवरच्या आमच्या दुकानात टीव्हीचे बोर्ड दुरुस्त होतात. माझं आणि माझ्या नवऱ्याचं, दीपकचं, भांडण कायम एकाच गोष्टीवरून व्हायचं. मेमरी आयसी, म्हणजे बोर्डवरची इवलीशी चिप, दोन मापांत येते. काम तेच, पाय आठच, पण एकीचं अंग रुंद, दुसरीचं अरुंद. बोर्डवर जागा अरुंद आयसीची असली तरी दीपक रुंदच मागवणार, कारण ती लगेच मिळते. मग चिमट्याने तिचे पाय पोटाखाली दुमडून बसवायचा.

"माप काय उगाच ठरवलेलं असतं?" मी ओरडायचे.

"चालतंय ना? मग झालं."

दिवाळीआधी दीपक अपघातात गेला. परवा मी दुकान उघडलं, तेव्हा शेजारच्या निजामभाईंनी त्याच्या नावाचं आलेलं पार्सल हातात दिलं. पुन्हा रुंदच असणार, म्हणून मी चडफडतच फोडलं. आत सगळ्या अरुंद आयसी होत्या.

एक आयसी मी बोटांत धरली. कुणी सांगितलं होतं आताच ऐकायला?

दुपारी देवळ्याचं एक जुनं गिऱ्हाईक दीपकनेच दुरुस्त केलेला बोर्ड घेऊन आलं.

"भाऊंचं ऐकलं, वहिनी. लय वाईट झालं," तो म्हणाला. "टीव्ही चालतोय, पण भाऊच बोलले होते, वहिनीच्या मापाची आयसी आली की बदलून देतो."

मी बोर्ड भिंगाखाली धरला. आठही पाय पोटाखाली एकसारखे दुमडलेले होते. नवी आयसी हाताशीच होती.

"चालतंय ना?" मी विचारलं.

"हो."

मी बोर्ड तसाच परत दिला.