साकीन आपाच्या मशीनमधला जिन्न

काराकोल शहरातल्या एका पाचमजली इमारतीत साकीन आपाच्या स्वयंपाकघरात शेजारणींची एवढी गर्दी, की मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध होतं तिचं जुनं वॉशिंग मशीन. दोन दिवस झाकण उघडत नव्हतं आणि आत नातीची दुपटी पाण्यात कुजत होती.

"जिन्नाला वीज आवडते! आधी त्याचं खाणं तोडा!" झाडफूक करणारी बातमा तबीप गरजली. तिनं प्लग उपटला, आर्चा या डोंगरी झाडाची वासाची डहाळी पेटवली आणि धूर फिरवत मशीनभोवती घुमू लागली. "निघतोस की नाही मेल्या? पळ डोंगरापलीकडे!"

दहा मिनिटांनी आतून 'टक्' झालं. झाकण उघडलं! बायकांनी तोंडावर हात ठेवले.

दाराशी उभ्या सोरोनला मात्र हसू फुटत होतं. तो शेजारच्याच घरात राहणारा, मशीन दुरुस्त करणारा. मागच्या हिवाळ्यात बातमाच्याच मशीनचं झाकण अडकलं, तेव्हा त्यानंच तिला सांगितलं होतं, "प्लग काढा आणि थांबा. आपोआप उघडेल." बातमानं त्याच्याकडे पाहिलं. तो गालात हसला. आपाचं काम झालं, आपलं काय जातंय?

"झाकण लावलं होतं कोणी?" बातमानं विचारलं.

"सुनेनं."

"तिच्या हाताला सावली चिकटलीय. चाळीस दिवस तिला घराबाहेर ठेव. बाळाला शिवू देऊ नकोस. खोटं वाटतं? हा सोरोन मशीनमधला जाणता. विचारा त्याला!"

सगळ्या माना वळल्या. चोल्पोन, ती सून, तीही बाळाला छातीशी धरून त्याच्याकडे बघत होती. सोरोन नजर चुकवून दाराबाहेर सटकला आणि सगळ्यांनी तो होकारच धरला. नवरा रशियात कामाला, चोल्पोनच्या बाजूनं बोलणार कोण? बाळाला ठेवून घेऊन आपानं दुपारच्या गाडीनं तिला काजी-सायला माहेरी धाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून बाळाचं रडणं थांबेना. सात महिन्यांचं अंगावरचं पोर, बाटली तोंडात घेईना. सोरोननं चहाचा पेला बाजूला सारला. हे आपण केलं. बातमानं नुसती थाप मारली, तिच्यावर शिक्का आपण मारला.

तो उठला, दारोदार जाऊन सगळ्यांना आपाच्या घरी घेऊन आला. मशीन चालू केलं. झाकण घट्ट बसलं. त्यानं प्लग काढला आणि वाट बघत बसला. ना धूर, ना मंत्र.

टक्!

"अगं बाई!" आपा दचकली.

सोरोननं झाकणाचं कुलूप खोलून दाखवलं. "ही धातूची पट्टी बघा. वीज असेपर्यंत तापून वाकते, झाकण धरून ठेवते. थंड झाली की सोडते. दोन दिवस प्लग कुणी काढलाच नाही." मग खालची जाळी उपसली. लोकरीचा बोळा आणि बाळाचा मोजा. "यानं पाणी तुंबलं, म्हणून मशीन मधेच अडकलं. हाच तुमचा जिन्न."

"हे तुला काल ठाऊक होतं?" आपाचा आवाज फाटला.

"होतं, आपा. बातमाला मीच शिकवलं होतं."

बाळाला घेऊन आपा आणि सोरोन काजी-सायला गेले. चोल्पोननं लेकीला ओढून पदराखाली घेतलं. आपा रडत माफी मागत राहिली. सोरोननं सगळं सांगितलं.

"बाइके, दादा," चोल्पोन म्हणाली, "काल तुम्ही तिथंच होतात ना?"

"होतो."

ती त्याच्याकडे पाठ करून बाळाला पाजू लागली.

झाकण अडकलं तर प्लग काढा, थोडा वेळ थांबा, जाळी साफ करा. धूर करणारा आला तर त्याला विचारा, हे होतं कसं? आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे त्यानं तिथंच, त्याच क्षणी तोंड उघडावं. सोरोनला एक दिवस उशीर झाला. तेवढ्या वेळात एक बाळ उपाशी राहिलं होतं.